नायट्रॉक्स मोजायचा ऑक्सिजन ॲनालायझर घरी कसा बांधावा

सांगली-साताऱ्याकडची जी मंडळी तारकर्ली-मालवणला डायव्हिंग करतात, त्यांतली बरीच नायट्रॉक्सचा (साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा) कोर्स करून आली की पहिला प्रश्न विचारतात, "मिश्रण घरी भरता येईल का हो?" माझं उत्तर ठरलेलं आहे: भरू नका, मोजायला शिका. सिलिंडर भरायला गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे परवाना लागतो. शिवाय शुद्ध ऑक्सिजन मोठ्या दाबाने नळीत झटकन शिरला तर दबून तापतो, आणि वाटेत तेलाचा अंश असला तर नळी आतून पेटते. हे काम अंगणातलं नाही. आपल्या सिलिंडरमध्ये खरोखर किती टक्के ऑक्सिजन आहे हे सांगणारं यंत्र मात्र घरी बांधता येतं. गॅस मिसळण्याच्या सगळ्या सामानात पहिल्यांदा हातात यायला हवं तेही हेच.

यंत्र बांधणं सोपं आहे. बहुतेक जण चुकतात ते वापरताना. म्हणून खाली जोडणीइतकीच जागा कॅलिब्रेशनला, म्हणजे माहीत असलेल्या गॅसवर यंत्राचा आकडा जुळवून घेण्याला, दिली आहे.

सुरुवातीला एवढं समजून घ्या

सेन्सर म्हणजे एक छोटी बॅटरीच. आत शिशाचा एक ध्रुव, दुसरा ध्रुव सोन्यासारख्या धातूचा आणि मधे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. पातळ पडद्यातून ऑक्सिजन आत जातो, शिसं झिजतं आणि काही मिलिव्होल्ट तयार होतात. समुद्रसपाटीला साध्या हवेत नवा सेन्सर बहुधा ९ ते १३ मिलिव्होल्ट देतो.

सेन्सरला टक्के कळत नाहीत, त्याला कळतो ऑक्सिजनचा अंशदाब, म्हणजे एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा. टक्के आपण हिशेबाने काढतो. सांगली ते मालवण या घाटउताराने आकडा कसा फिरतो ते याच एका गोष्टीतून येतं. ते टप्पा ५ मध्ये.

टप्पा १: सामान गोळा करा, पण सेन्सर शेवटी घ्या

सेन्सरची पिशवी उघडली की त्याचं आयुष्य जोरात संपू लागतं. हवेत दोन-तीन वर्षं मिळतात, उष्णतेत त्याहून कमी. लोक उत्साहाने आधी सेन्सर मागवतात, मग लेथवाला तीन महिने फिरवतो आणि तेवढे महिने फुकट जातात. आधी सेन्सर ज्यात बसतो ते त्याचं घर बांधा, सेन्सर नंतर आणा.

लागणारं सामान असं:

- ४० मिलिमीटर व्यासाच्या नायलॉन दांड्याचा ६० मिलिमीटर लांबीचा तुकडा
- आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एडीएस १११५ मॉड्यूल (बारीक व्होल्टेज मोजणारं) आणि छोटा ओएलईडी पडदा
- एक पुश बटण, एक स्विच आणि ९ व्होल्टची बॅटरी
- बीसीच्या (डायव्हरच्या हवा भरायच्या जॅकेटच्या) होजला लागणारा निपल, आत बारीक भोक असलेला तयार प्रवाहरोधक
- एक हातभर पारदर्शक नळी
- एम-१६ बाय १ आट्याचा (१६ मिलिमीटर व्यास, पिच म्हणजे आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर) ऑक्सिजन सेन्सर

व्हेंटिलेटर आणि भुलीच्या यंत्रात बसणारे सेन्सर याच जातीचे असतात. त्यामुळे मिरजेत वैद्यकीय उपकरणांच्या दुकानात चौकशी केली तर काय हवंय ते लगेच समजतं. मात्र घेताना उत्पादनाची तारीख वाचा. वर्षभर कपाटात पडलेला सेन्सर सवलतीत मिळतो, त्याच्या मागे लागू नका. दवाखान्यातून काढलेला जुना तर फुकटही घेऊ नका. त्यांनी तो बदलला ते उगाच नाही.

तपासा: सेन्सरच्या मागच्या बाजूला जोडणी कोणती आहे? काहींना साडेतीन मिलिमीटरचा मोनो जॅक असतो, काहींना तीन पिनांचा मोलेक्स. त्याच्या जोडीची पिन विकत घ्या. जॅक मोनो असेल तर इअरफोनची स्टिरिओ पिन चालवून नेऊ नका, संपर्क चुकीच्या जागी लागतो.

टप्पा २: सेन्सरचं घर

नायलॉनचा तुकडा घेऊन लेथवाल्याकडे जा. कुपवाडला किंवा माधवनगरला अर्ध्या तासाचं काम आहे, पण कागदावर चित्र काढून न्या. तोंडी सांगितलं की काय होतं ते पुढे सांगतो.

क्रम असा:

१. तुकड्याच्या लांबीतून आरपार भोक. गॅस आत येतो त्या बाजूला ५ मिलिमीटर, बाहेर जातो त्या बाजूला ८ मिलिमीटर.

२. मधोमध एक बाजू ६ मिलिमीटर उतरवून सपाट करायची. साधारण २८ मिलिमीटर रुंदीची सपाटी मिळते. सेन्सरची ओ-रिंग इथे टेकते. गोल पृष्ठभागावर ती कधीच नीट बसत नाही.

३. सपाटीच्या मध्यावर १५ मिलिमीटरचं भोक, आरपार भोकाला मिळेपर्यंतच. त्याला एम-१६ बाय १ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार).

इथेच घोटाळा होतो. एम-१६ म्हटलं की दुकानातला माणूस सवयीने २ मिलिमीटर पिचचा टॅप काढतो, फार तर दीडचा. माझा पहिला तुकडा असाच वाया गेला. सेन्सर दोन आटे गेला आणि अडकला. जोर लावला असता तर सेन्सरचा आटाही गेला असता. 'पिच १' असं चित्रावर मोठ्या अक्षरात लिहा. बारीक टॅप त्यांच्याकडे नसेल तर तो आपण विकत घेऊन द्यावा, हेच स्वस्त पडतं.

बाहेर जाणारं भोक मोठं ठेवण्यामागे कारण आहे. गॅस अडला तर घरात दाब साठतो, अंशदाब वाढतो आणि आकडा फुगतो. त्या भोकाला २० सेंटिमीटर नळी लावा, म्हणजे खोलीतली हवा उलटी आत येत नाही. नळीचं टोक मात्र कायम उघडं राहिलं पाहिजे.

पीव्हीसीच्या टी मध्ये रबर घालून सेन्सर बसवणारेही आहेत. सोल्युशनने चिकटवायचं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत सेन्सर जवळ आणू नका, ती वाफ पडद्याला चांगली नाही. मला विचाराल तर टी च्या फंदात पडू नका, गळती शोधण्यातच रविवार जातो.

इशारा: काम झाल्यावर लेथचं कटिंग तेल साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुवा, वाळवा. आट्याला व्हॅसलीन, ग्रीस, खोबरेल काहीही लावायचं नाही. ओ-रिंग कोरडीच पुरते.

टप्पा ३: वायरिंग

इलेक्ट्रॉनिक्स नको असेल तर हा टप्पा सोडा. २०० मिलिव्होल्टचा पल्ला असलेला साधा डिजिटल मल्टिमीटर सेन्सरला जोडा, गणित कागदावर करा. तो ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो, म्हणजे अंदाजे ०.२ टक्के ऑक्सिजन. डायव्हिंगला तेवढं पुरतं. मी पहिली दोन वर्षं असंच केलं.

आर्डुइनोने करायचं तर या चुका टाळा:

पहिली, सेन्सर थेट नॅनोच्या ॲनालॉग पिनेला जोडणं. नॅनोची एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची असते. तुमचा सेन्सरच ११ च्या आसपास देतो, मग ती पायरी काय मोजणार? त्यासाठीच एडीएस १११५ लागतं. 'ए-०' असं नॅनोवरही छापलेलं असतं आणि मॉड्यूलवरही, त्यामुळे गडबड होते. सेन्सरच्या दोन्ही वायरी मॉड्यूलच्या ए-० आणि ए-१ ला. मॉड्यूल आणि पडदा नॅनोच्या ए-४ आणि ए-५ ला.

दुसरी, प्रोग्राममध्ये एडीएस १११५ चा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) न बदलणं. ॲडाफ्रूटची लायब्ररी न सांगता अधिक-उणे ६.१४४ व्होल्टच्या पल्ल्यावर चालते, तिथे पायरी ०.१८७५ मिलिव्होल्ट. गेन १६ केला की पल्ला अधिक-उणे ०.२५६ व्होल्ट होतो आणि पायरी ०.००७८ मिलिव्होल्टवर येते. वाचन ए-० व ए-१ मधल्या फरकाचं घ्या.

तिसरी, सेन्सर तरंगता ठेवणं. ऋण वायर ए-१ ला जोडली की तीच ग्राउंडलाही जोडा, नाहीतर आकडा वाऱ्यावर हलल्यासारखा फिरतो.

चौथी चूक मजेशीर आहे. यंत्र पॉवर बँकेवर चालवलं की अर्ध्या मिनिटात बंद पडतं. माणूस प्रोग्राम तपासत बसतो, आणि खरं तर इतका कमी करंट पाहून पॉवर बँकच झोपी गेलेली असते. ९ व्होल्टची बॅटरी लावा.

प्रोग्रामने वीस वाचनांची सरासरी घ्यावी. बटण दाबून धरलं की चालू मिलिव्होल्टला २०.९ टक्के मानून गुणक साठवावा. आणि पडद्यावर टक्क्यांशेजारी मिलिव्होल्ट कायम दिसलेच पाहिजेत. नुसते टक्के दाखवणारं यंत्र मी वापरत नाही. मरत आलेला सेन्सरसुद्धा बटण दाबलं की निमूटपणे २०.९ दाखवतो.

इशारा: सेन्सरच्या पिनांवर थेट डाग देऊ नका. सोल्डरिंग वायरच्या टोकाला, सेन्सर बाजूला काढून.

तपासा: आकडा उणे येतोय? ए-० व ए-१ च्या वायरी अदलाबदल करा, बाकी काही बिघडलेलं नाही.

टप्पा ४: प्रवाह बांधून घ्या

सेन्सरवरून मिनिटाला एक ते दोन लिटर गॅस जायला हवा. जास्त सोडलात तर दाब वाढून आकडा फुगतो, कमी सोडलात तर आतली जुनी हवा निघायला वेळ लागतो.

रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज (सिलिंडरचा दाब उतरवणारा पहिला भाग) सिलिंडरला लावा. बीसीच्या होजला प्रवाहरोधक निपल, तिथून नळी सेन्सरच्या घराकडे. होजमध्ये ९-१० बार दाब असतो, म्हणून मधला रोधक वगळायचा नाही. सिलिंडरचा वॉल्व्ह किलकिला करून थेट सेन्सरच्या घरात गॅस सोडणारे मी पाहिले आहेत. एकाचा सेन्सर पडदा फाटून गेला, आणि त्याला वाटलं सेन्सरच खोटा निघाला.

दवाखान्यातला पाण्याच्या बाटलीचा फ्लोमीटर इथे लावू नका. तो ४ बारच्या आसपासच्या दाबासाठी असतो.

प्रवाह मोजायला खर्च नाही. बादलीत पाणी घ्या, एक लिटरची बाटली पाण्याने काठोकाठ भरून त्यात उलटी धरा आणि बाहेर जाणाऱ्या नळीला आणखी एक तुकडा जोडून तिचं टोक बाटलीच्या तोंडात द्या. ३० ते ६० सेकंदांत बाटली रिकामी झाली की प्रवाह बरोबर. हे करताना सेन्सर काढून त्या जागी बूच बसवा, पाणी उलटं चढलं तर सेन्सर जातो. प्रवाह कळला की जादा तुकडा काढून टाका.

टप्पा ५: कॅलिब्रेशन

सावकाश वाचायचा भाग हाच आहे.

सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब ९४९ मिलिबारच्या आसपास असतो, मालवणच्या किनाऱ्यावर १०१३. हवेतला ऑक्सिजन दोन्हीकडे २०.९ टक्केच, पण अंशदाब वेगळा. घरी कॅलिब्रेट करून यंत्र बॅगेत टाकलं, घाट उतरून खाली गेलात आणि परत कॅलिब्रेट न करता सिलिंडर तपासला, तर ३२ टक्क्यांचा गॅस ३४.२ दाखवेल. एकदा मी याच आकड्यावरून सिलिंडर भरणाऱ्या माणसाशी चांगला वाद घातला होता. त्याने शांतपणे स्वतःचं यंत्र आणून दाखवलं. चूक माझी होती, चहा मीच पाजला.

उलटा प्रवास जास्त धोक्याचा. किनाऱ्यावर केलेलं कॅलिब्रेशन घेऊन साताऱ्याला आलात, जिथे दाब ९२७ च्या जवळ असतो, तर तोच ३२ टक्क्यांचा गॅस २९.३ दिसेल. ऑक्सिजन जितका जास्त तितकी सुरक्षित खोली कमी, म्हणून गॅसमधला ऑक्सिजन आहे त्यापेक्षा कमी दिसला की माणूस नको तितका खोल जातो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालची पाणी मोजायची पट्टी कोणी दोन फूट वर सरकवून लावली तर ४० फुटांची इशारा पातळी कशी वाचणार? तसंच हे.

क्रम:

१. यंत्र आणि सिलिंडर एकाच जागी, सावलीत, १५-२० मिनिटं ठेवा. सेन्सरमध्ये तापमान सांभाळणारा भाग असतो, पण त्याला वेळ लागतो. गाडीच्या डिकीतून काढून लगेच मोजू नका.

२. साध्या हवेने भरलेल्या सिलिंडरमधून, त्याच होजने, त्याच प्रवाहाने गॅस सोडा. खोलीतल्या हवेवर कॅलिब्रेट करायची सवय सोडा, निदान पावसाळ्यात तरी. आपल्याकडे जुलैमध्ये २८ अंशांना ९० टक्के आर्द्रता असली की वाफ जागा खाते आणि खोलीतला ऑक्सिजन खरा २०.१ च्या आसपास उरतो. त्याला २०.९ मानलंत की कोरडा ३२ टक्के गॅस ३३.२ दिसतो.

३. आकडा दोन मिनिटं स्थिर राहू द्या. मिलिव्होल्ट वहीत लिहा, तारीख आणि गावासकट.

४. मग बटण दाबा. मल्टिमीटरवाल्यांनी गणित करावं: गॅसचे मिलिव्होल्ट भागिले हवेचे मिलिव्होल्ट, गुणिले २०.९. सांगलीत हवेला ११.१ आणि गॅसला १७.० आले तर ३२.० टक्के.

तपासा: प्रवाह थोडा कमीजास्त करून पाहा. आकडा हलला तर बाहेरची नळी कुठेतरी दबली आहे किंवा बाहेरचं भोक लहान पडतंय.

पेटीवर लिहिलेला ९ ते १३ चा पल्ला समुद्रसपाटीचा आहे. सांगलीत तो ८.४ ते १२.२ धरा. नवा सेन्सर ८.६ देतो म्हणून परत पाठवणाऱ्याला दुकानदार हसला तर त्याचं चुकत नाही.

टप्पा ६: सेन्सरची परीक्षा, महिन्यातून एकदा

म्हातारा सेन्सर हवेत बरोबर दाखवतो आणि वरच्या टोकाला दम सोडतो. म्हणून शुद्ध ऑक्सिजनवर ताडून पाहायचं. हवेला ११.१ असतील तर १०० टक्क्यांना ५३.१ अपेक्षित. माझी रेषा अशी: ५२ च्या वर आला तर ठीक, ५० किंवा खाली आला तर बाद. मधे अडकला तर नवा मागवायला टाका आणि तोपर्यंत दर वेळी दुसऱ्याच्या यंत्राशी ताडून घ्या.

वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, खांद्याला पांढरा असतो. त्यातला गॅस ९९ टक्क्यांहून शुद्ध असतो. ज्यांच्याकडे तो रीतसर आहे त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्याच फ्लोमीटरवरून मिनिटभर घ्या. कोविडनंतर बऱ्याच घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहेत. ते या कामाला घेऊ नका. त्यातून साधारण ९३ टक्के येतं, आणि तेही कमीजास्त होतं. त्याला १०० मानून चांगला सेन्सर कचऱ्यात टाकणारा मित्र मला माहीत आहे.

इशारा: शुद्ध ऑक्सिजनला आपली डायव्हिंगची फर्स्ट स्टेज कधीही लावायची नाही. हात तेलकट नकोत. जवळ शेगडी, उदबत्ती, विडी काही नको. खोलीची दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि नंतर थोडा वेळ कपडे वाऱ्यावर राहू द्या, कारण ऑक्सिजन कापडात रेंगाळतो.

टप्पा ७: प्रत्यक्ष सिलिंडर मोजणं

जिथे डुबकी मारणार तिथेच कॅलिब्रेट करा आणि लगेच मोजा. ज्याची पाठ त्याचं मोजमाप, जोडीदाराने केलेलं चालत नाही. आकडा स्थिर व्हायला एक-दोन मिनिटं द्या. सेन्सरचं तोंड खाली असू द्या, म्हणजे ओलावा पडद्यावर साचत नाही.

आकडा आला की कमाल खोली तिथेच काढा: १.४ ला (ऑक्सिजनच्या अंशदाबाची बारमधली मर्यादा) ऑक्सिजनच्या अंशाने (३२ टक्के म्हणजे ०.३२) भागा, १ वजा करा, १० ने गुणा. ३२ टक्क्यांना ३३ मीटर, ३६ ला २८, ४० ला २५. अपूर्णांक नेहमी खाली सोडायचा. सिलिंडरवर ३२ लिहिलंय आणि आत ३६ आहे, एवढ्यानेच पाच मीटरचा फरक पडतो.

चिकटपट्टीवर टक्के, कमाल खोली, तारीख आणि तुमची सही. जुनी पट्टी आधी काढा. दोन पट्ट्या असलेला सिलिंडर मोजलेला नाही असंच धरायचं.

यंत्र आणि लेबलाचा आकडा एक टक्क्याहून जास्त वेगळा आला तर या क्रमाने पाहा: कॅलिब्रेशन याच जागी केलं का, नळी दबली आहे का, बॅटरी उतरली आहे का, वहीतल्या मागच्या मिलिव्होल्टपेक्षा आजचा कमी आहे का. एवढं करूनही फरक राहिला तर तो सिलिंडर त्या दिवशी पाण्यात न्यायचा नाही.

ठेवायचं कसं

एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत ठेवू नका. फ्रीजरमध्ये तर नाहीच, आतलं द्रावण गोठतं. साध्या डब्यात, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. हवाबंद पिशवीत घालून आयुष्य वाढवायला गेलात तर पुढच्या वेळी आकडा स्थिर व्हायला तासन्‌तास लागू शकतात.

सेन्सरमधून ओल झिरपलेली दिसली तर उघड्या हाताने पुसू नका, ते द्रावण कातडी जाळतं. लागलंच तर भरपूर पाण्याने धुवा. संपलेल्या सेन्सरमध्ये शिसं असतं, तो घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आणि देण्याआधी त्याच्यावर मार्करने फुली मारा. माझ्या ड्रॉवरमध्ये नवा आणि जुना शेजारी पडले होते, आणि एका पहाटे निघायच्या घाईत मी जुनाच बसवून घाट उतरलो होतो.